सात नंबरचं कडं

सरका, जरा जवळ येऊन बसा. गोड बोलायला बोलावलं असं समजू नका, आधी माझी थोडी बोलणी खावी लागतील. तुम्ही घरं बांधता, घरभरणीला दोनशे माणसं जेवू घालता, दाराला कोणता रंग द्यायचा यावर महिनाभर भांडता. पण ज्या सिमेंटवर ते घर उभं आहे, त्याची गोणी कधी उलटी करून वाचली का? नाही वाचली. मला माहीत आहे.

मागच्या वर्षी माझ्या भाचीच्या घराचा स्लॅब टाकायचा होता. मला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, मावशी, आराम करा. मी आराम सोडून चष्मा लावला आणि गोण्या वाचत बसले. एका गोणीवर बारीक अक्षरांत छापलं होतं, या सिमेंटात फ्लाय अॅश मिसळलेली आहे. फ्लाय अॅश म्हणजे बिजलीघराची राख. शेकडा किती मिसळली तेही लिहिलेलं. मी हसत सुटले. भाची धावत आली. "काय झालं वं मावशी?"

म्हटलं, "काही नाही. याच राखेपायी मले एका काळी चोट्टी म्हणत होते."

राखवाली बाई म्हणत. मिलावटवाली म्हणत. आज कंपन्या तीच राख घालून, वर छापून विकून राहिल्या, आणि त्यांच्या दारात कोणी घण घेऊन गेलेलं मी ऐकलं नाही. माझ्या दारात आले होते. दिवाळी अंकवाल्या पोरीनं फोन करून सांगितलं, आजी, तुमच्या कामाचं काही लिहा. तर हेच लिहिते.

मी पंचफुला. शाळा दुसरीपर्यंत. पुढचं वाचन गोण्यांवरचं, बसच्या पाट्यांवरचं आणि आमच्या विहारातल्या पुस्तकांचं. माझे बाबा चुन्याच्या घाणीवर होते. आताच्या लोकांना घाणी म्हटलं की तेलाची वाटते. चुन्याची घाणी म्हणजे जमिनीत गोल चर, त्यात दगडाचं चाक आणि चाकाला जुंपलेला एक बैल. चरात भिजलेला चुना टाकायचा, त्यात विटांचा भुगा टाकायचा, आणि बैल दिवसभर फिरवायचा. त्या भुग्याला सुरखी म्हणतात. पांढुर्णा-सौंसरकडच्या जुन्या विहिरी त्याच गाऱ्यानं बांधल्या आहेत. बाबा म्हणायचे, "चुना एकटा राहिला की रडते. त्याले सोबत पाहिजे." मी लहान होते, मला वाटायचं बाबा चुन्याची चेष्टा करतात.

पुढे सिमेंट आलं, घाणी बंद पडली, बैल विकला. मी लग्नानंतर नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, कामावर रेजा म्हणजे मजूर बाई म्हणून घमेली उचलली. मिस्त्री लोक मसाला कालवत, मी बघत असे. बघण्याला कोणी मजुरी कापत नाही. आठ-दहा वर्षांत इतकं बघून झालं की सावरगावच्या बाजूला, जाम नदीच्या काठावर, मी स्वतःचं लहानसं काम टाकलं. कुंपणाचे खांब, जनावरांच्या गव्हाणी आणि विहिरीची कडी. सोबत शेवंता. ती माझ्याच वस्तीतली, माझ्यासोबत नहरावर होती. हात चांगला आणि जीभ त्याहून चांगली.

ही गोष्ट ऐंशीनंतरच्या पहिल्या वर्षांची. सिमेंट परमिटवर मिळायचं. अर्ज करा, सौंसरला जा, साहेब नाहीत, परवा या. परवा गेलं की साहेब आहेत आणि सिमेंट नाही. लोकांच्या ऑर्डरी पडून. तेव्हा मला बाबांची सुरखी आठवली. चुन्याला सोबत लागते, तर सिमेंटलाही लागत असेल. विटांचा भुगा कुटायला माणसं लागतात, पण राख तर फुकट. आणि आमच्या भागात राखेला काय तोटा? कापूस निघाला की पऱ्हाटी चुलीत जाते.

ही माझी पहिली चूक, आणि ती सांगितल्याशिवाय पुढची शेखी मिरवणार नाही.

पऱ्हाटीची राख चाळून मी सिमेंटात घातली आणि एक गव्हाण केली. दिसायला झकास. सौंसरकडचे एक शेतकरी, गणपतराव, बैलगाडीत घालून घेऊन गेले. दोन महिन्यांनी बस पकडून परत आले. न बसता उभ्यानंच म्हणाले, "बाई, तू मले गव्हाण देल्ली का ढेप देल्ली?"

"काऊन गा भाऊ, काय झालं?"

"माहे बैल कडबा सोडून गव्हाण चाटून राहिले. एका कोपऱ्यात तं त्याहीनं खड्डा केला."

मी त्यांच्यासोबत गेले. खरंच, दोन बैल मान खाली घालून गव्हाण चाटत होते, जशी काही मिठाई. सिमेंटावर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसत होतं आणि बारीक भेगा. मी बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट. पऱ्हाटीच्या राखेत खार असतो, तो पाण्याबरोबर बाहेर आला आणि येताना सिमेंट फोडत आला. सगळ्या राखा सारख्या नसतात, एवढी अक्कल मला दोन बैलांनी दिली. गणपतरावांना मी कोऱ्या सिमेंटची दुसरी गव्हाण करून दिली. पुढे बाजारात भेटले की ते सांगत, "चांगली आहे, पण बैल म्हणतात बेचव आहे."

तेव्हापासून मी कोणतीही राख आधी जिभेवर ठेवते. लोकांना हसू यायचं. येऊ द्या.

मग बशीरभाई. ते संत्र्याचा ट्रक चालवायचे. पांढुर्ण्याहून संत्री भरून नागपूरला, येताना बहुतेक वेळा रिकामे. सावनेरच्या पुढे त्या रस्त्याला बिजलीघर लागतं, कोळसा जाळून वीज करतात तिथं. त्याची राख डोंगरासारखी पडलेली. मी म्हटलं, "बशीरभाई, येताना मले त्यातली डबाभर आणून द्या."

"बाई, संत्र्याच्या गाडीत राख? एक संत्रं काळं झालं तं व्यापारी माहं तोंड काळं करन."

"येताना संत्रं कुठं असते?"

ते हसले, आणि जेवणाच्या डब्यात राख घेऊन आले. पोळी-भाजीच्या वासाची राख. बोटांत चोळली, तर तोंडाला लावायच्या पावडरीसारखी. जिभेवर ठेवली, काहीच चव नाही. मी त्या दिवशी शेवंताला म्हटलं, हीच पाहिजे होती.

पण बैलांनी शिकवलं होतं, घाई करायची नाही. मी भाकरीएवढ्या थापट्या केल्या. निम्म्या कोऱ्या सिमेंटच्या, निम्म्या राख घातलेल्या. सगळ्या पाण्यात बुडवून ठेवल्या. आठव्या दिवशी एकेक काढून दगडानं फोडली. राखेची थापटी आधी फुटली, कोरी टिकली. शेवंता म्हणाली, "झालं तुहं शास्त्र?" महिन्यानं पुन्हा फोडल्या. दोन्ही जवळजवळ बरोबरीच्या. तीन महिन्यांनी फोडल्या तेव्हा कोरी आधी फुटली आणि राखेच्या थापटीवर माझा दगड घसरला. मी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तेच.

याचं कारण सोपं आहे, घाबरू नका. सिमेंट भिजून घट्ट होतं तेव्हा त्यातून थोडा चुना मोकळा सुटतो. तो काही कामाचा नाही, पाणी लागलं की हळूहळू वाहून जातो आणि आत पोकळी ठेवतो. बाबांचा रडणारा चुना तो हाच. बारीक राख त्या चुन्याला पकडते आणि त्याचं पुन्हा सिमेंटासारखं होतं. पण ती हे काम सावकाश करते आणि तोवर तिला ओलं ठेवावं लागतं. कोरं सिमेंट पहिल्या आठवड्यात आपली ताकद दाखवून मोकळं होतं. राखेचं तिसऱ्या महिन्यात बोलतं. आणि राख कोरडी पाहिजे, यंत्राच्या पोटातून निघालेली. तिथल्याच तळ्यात पाण्यासोबत सोडलेली राख जाड असते, गोळे होतात, ती चालत नाही. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा. मला माहीत होती, तरी मी ती एकदा विसरले.

आता विहीर.

आमच्या वस्तीत विहीर नव्हती. गावच्या विहिरीवर आमच्या आया-आज्यांचं काय झालं ते मी इथं लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावं. आम्ही नदीत झिरे खोदून पाणी आणायचो. उन्हाळ्यात झिरा खोल जायचा, पावसाळ्यात नदीच गढूळ. कितीतरी अर्जांनंतर वस्तीला विहीर मंजूर झाली. जमीन वाळूची, बांधीव विहीर टिकणार नाही, म्हणून कड्यांची करायची ठरली. कडं म्हणजे सिमेंटचं मोठं गोल रिंगण, हातभर उंच. ते जमिनीवर ठेवायचं, माणसानं आत उतरून माती काढायची, कडं आपल्या वजनानं खाली बसतं. मग त्यावर दुसरं. अशी बारा कडी लागणार होती. आणि ती करायचं काम मला मिळालं.

माझ्याच वस्तीची विहीर. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं. वस्तीच्या बाया यायच्या, साच्यात डोकावून बघायच्या, जसा पाळणा बघतात.

चार घमेली सिमेंटला एक घमेलं राख, असं प्रमाण. बशीरभाईंनी गोण्या आणून टाकल्या. होळीनंतर काम सुरू केलं. प्रत्येक कड्यावर, ओलं असताना, मी खिळ्यानं नंबर लिहायची. सहा नंबर झाला आणि कोरडी राख संपली. बशीरभाई त्या खेपेला म्हणाले, "बाई, आज कोरडीवाला गेट बंद होता. तळ्यावरची आणली, वाळवलेली आहे."

मी गोणीत हात घातला. जाड लागली. जिभेवर ठेवली, किरकिर झाली. हात सांगत होता, नको. पण परमिटचं सिमेंट उघडून ठेवलेलं, साचा तेल लावून तयार, शेवंता उभी. मी चाळून घेतली आणि सात नंबर भरला. दुसऱ्या दिवशी कोरडी आली, मग आठ ते बारा चांगली झाली. सात नंबरचं मी कोणाला बोलले नाही. मनाशी म्हटलं, हे सगळ्यात वर ठेवू. वरच्या कड्यावर मातीचा दाब येत नाही.

बारावं कडं काढून आठ दिवस झाले आणि सौंसरहून ओव्हरसियर आले. तरुण माणूस, नवी बदली, बाहेरचा, हिंदी बोलणारा. माणूस वाईट नव्हता. खाणारा नव्हता, तीच तर अडचण होती. खाणारा असता तर कडी केव्हाच विहिरीत बसली असती. त्यांनी खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली आणि बारा नंबरवर ओरखडा मारला. भुकटी निघाली. हातोडीनं टोकलं, आवाज मडक्यासारखा बसका. मग त्यांनी बाजूच्या गोण्या पाहिल्या.

"बाई, इसमें क्या मिलाया है?"

"राख."

"मुँह पे बोल रही हो?"

"लपवाची असती तं गोणी तुमच्या पायाशी ठेवली असती का साहेब?"

मी त्यांना थापट्यांचं सगळं सांगितलं. तीन महिने द्या म्हटलं. ते म्हणाले, सात दिवसाला इतकी ताकद पाहिजे, अठ्ठावीस दिवसाला इतकी, तीन महिन्यांचा कागदच नाही त्यांच्याकडे. मी म्हटलं, "लेकरू नव महिन्यानं होते. सातव्या दिवशी पोट पाहून नाही म्हणता का?" शेवंता तोंडाला पदर लावून हसली, आणि ते साहेबांना आवडलं नाही. त्यांनी तिथंच रिपोर्ट लिहिला. मिलावट. कडी फोडून टाकावी. काम दुसऱ्याला द्यावं.

रिपोर्ट सौंसरला गेला, तिथून जिल्ह्याला, छिंदवाड्याला गेला. हुकूम येईपर्यंत कड्यांना हात लावायचा नाही आणि विहिरीलाही नाही.

तो उन्हाळा मी विसरणार नाही. कडी ओली ठेवायची म्हणजे रोज पाणी पाहिजे. मी आणि शेवंता नदीच्या डोहातून गुंडांनी, म्हणजे धातूच्या घागरींनी, पाणी आणून कड्यांवर गुंडाळलेल्या बारदानावर ओतायचो. त्याच वाटेनं वस्तीच्या बाया झिऱ्याचं पाणी डोक्यावर घेऊन जायच्या. एक दिवस माझी चुलत जाऊ थांबली. डोक्यावर दोन गुंड, मान ताठ. म्हणाली, "माणसाले प्याले पाणी नाही, अन् ही गोट्याले पाजून राहिली."

मी म्हटलं, "पिऊ दे. पुढं तुलेच पाजन."

"राखवाली," असं म्हणून ती गेली.

मी पाणी ओतणं थांबवलं नाही. पण सांगते, बाहेरच्यांचं मिलावटवाली मला लागलं नाही. आपल्या वस्तीतलं राखवाली लागलं. पावसाळा लागला, झिरे बुजले, नदी तांबडी झाली. फडकं दुमडून गाळलं तरी तळाला बोटभर गाळ. लेकरांची पोटं बिघडली. सगळ्यांना माहीत होतं की विहीर माझ्या राखेपायी अडली आहे. मी कोऱ्या सिमेंटची कडी केली असती तर या पावसात घरोघरी स्वच्छ पाणी असतं. हे खरं होतं.

आणखी एक गोष्ट होती, ती मी कोणालाच सांगितली नव्हती. एका सकाळी शेवंताची मुलगी कड्यांवर चढून खेळत होती. सात नंबरवर उभी राहून वाकून आत बघत होती. मी ओरडून तिला उतरवली. तेव्हा डोक्यात आलं. वरच्या कड्यावर मातीचा दाब नसतो, बरोबर. पण सगळी वस्ती त्यालाच टेकून पाणी ओढणार. बाया पोट टेकवणार, लेकरं चढणार. मी सगळ्यात वाईट कडं तिथंच ठेवायला निघाले होते, जिथं माझी माणसं रेलतील.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी गोटमार झाली. नदीच्या या काठावरून सावरगाववाले आणि त्या काठावरून पांढुर्णेवाले एकमेकांवर गोटे फेकतात, तुम्हाला ठाऊकच आहे. त्याच्या चार दिवसांनी ओव्हरसियर साहेब हुकूम घेऊन आले. सोबत घण घेतलेली दोन माणसं. त्यातला एक सावरगावचा नथ्थू, पहाडासारखा माणूस, डोक्याला गोटमारीची पट्टी.

आता गंमत बघा. सातव्या दिवसाचा नियम सांगणाऱ्या सरकारचा कागद यायला पाच महिने लागले होते. मी मागितलेल्या तीन महिन्यांवर दोन महिने आणखी. मी हात जोडून मागितले तेव्हा दिले नाहीत, आणि आळसानं देऊन टाकले.

वस्ती जमा झाली. कोणी माझ्या बाजूनं आलं होतं, कोणी फुटताना बघायला. साहेबांनी हुकूम वाचला. बाराही कडी फोडायची. नथ्थूनं हातावर थुंकून घण उचलला आणि एक नंबरकडे गेला.

मी म्हटलं, "थांब रे नथ्थू. आधी सात नंबर फोड."

शेवंतानं माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की आठ दिवस वळ राहिला. "काऊन सांगून राहिली वं? गप राह्य ना."

साहेबांनी विचारलं, सातच का? मी म्हटलं, "ते वाईट आहे. मले माहीत आहे, कारण मीच केलं. राख तळ्यावरची होती, हात नाही म्हणे, मी ऐकलं नाही. ते विहिरीत जाऊ देणार नाही. तुम्ही नाही फोडलं तं मी फोडन."

नथ्थूनं चार घाव घातले. चौथ्याला कडं मधोमध तडकलं आणि दोन भाग होऊन पडलं. आतून करडी भुकटी सांडली. माझी चुलत जाऊ समोरच उभी होती. तिच्याकडे बघवलं नाही मला. साहेब म्हणाले, "देखा? यही लिखा था मैंने."

"लिहिलं ते या कड्याचं खरं आहे," मी म्हटलं. "आता दुसरं फोडा. तुम्ही निवडा, मी नाही सांगत."

साहेब फिरले. किल्ली काढली. दोन नंबरवर ओढली, तीनवर ओढली. या वेळी भुकटी निघत नव्हती, किल्लीचीच काळी रेघ उमटत होती. त्यांनी दोनदा किल्लीकडे बघितलं. मग चार नंबरवर हात ठेवून म्हणाले, हे.

नथ्थूनं घण मारला. आवाज आला तो विहारातल्या घंटेसारखा, आणि घण उडून मागे आला. पुन्हा मारला. दुसऱ्या माणसानं दुसऱ्या बाजूनं मारला. काठाचा एक टवका उडाला, बोराएवढा. मग दोघं पाळीपाळीनं मारत राहिले. ऊन चढलं. एका घणाचा दांडा मोडला. मी खोटं बोलणार नाही, दिवसभर मारत राहिले असते तर संध्याकाळपर्यंत फुटलं असतं. दगडही फुटतो. पण दुपारपर्यंत काठाचे पाच-सहा टवके आणि एक केसाएवढी चीर, इतकीच कमाई झाली. नथ्थू खाली बसला, पट्टीवरून घाम पुसला आणि म्हणाला, "साहेब, गोटमारीत माहं डोकं एका गोट्यानं फुटलं. हे बाईचं कडं फुटत नाही. आधी पाणी पाजा, मंग पाहू."

पाणी. शेवंता घरात गेली आणि दोन लोटे भरून आणले. एक नथ्थूला, एक साहेबांना. नथ्थूला सवय होती, तो गटागटा प्याला. साहेबांनी लोटा तोंडाजवळ नेला आणि थांबले. नदीचं पाणी, फडक्यानं गाळलेलं, तरी चहासारखं.

"ये क्या है?"

"पाणी आहे साहेब," माझ्या आधी माझी चुलत जाऊच बोलली. "आम्ही हेच पितो. विहीर नाही ना."

साहेब लोट्यात बघत राहिले. प्यावं तर जीव धजत नव्हता, ओतावं तर इतक्या बायांसमोर हात उठत नव्हता. मग त्यांनी डोळे मिटून अर्धा लोटा प्याला. ते मी मानते. उरलेला अर्धा हातातच धरून त्यांनी मला विचारलं, "रिपोर्ट में क्या लिखूँ, बाई?"

"जे पाहिलं ते लिहा. एक वाईट होतं, फुटलं. बाकी फुटत नाही."

त्यांनी तिथंच, चार नंबरवर कागद ठेवून लिहिलं. त्यावर कचेरीत काय झालं मला माहीत नाही, पण दिवाळीच्या आत विहीर सुरू झाली. अकरा कडी उतरली. चार नंबर टवक्यांसकट उतरलं. फुटलेल्या सात नंबरच्या जागी बारावं पुन्हा करायचं होतं. साहेब हळूच म्हणाले, हे एक तरी कोऱ्या सिमेंटचं करा. मी राखेचंच केलं आणि तीन महिने पाण्यात ठेवलं. तोवर विहिरीचा काठ हातभर बुटका राहिला, त्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. या वेळी बाया स्वतःहून येता-जाता त्या कड्यावर एकेक गुंड पाणी ओतून जायच्या.

पहिलं पाणी निघालं तेव्हा चुलत जावेनं पहिला गुंड भरला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "पी वं राखवाली." त्या दिवशी ते नाव मला गोड लागलं, पण मी तिला तसं सांगितलं नाही. ती डोक्यावर चढली असती.

वर्षभरानं साहेब पुन्हा आले, एक जाड पुस्तक काखेत घेऊन. म्हणाले, इसमें लिखा है, राख चलती है. मी विचारलं, तवा कुठं होतं हे पुस्तक? म्हणाले, "दफ्तर में ही था, बाई." माफी त्यांनी मागितली नाही, मी वाटही पाहिली नव्हती. पुढे दोन-तीन जागी त्यांनीच माझं नाव सांगून काम दिलं. मी प्रत्येक ठिकाणी राख घातली, सांगून घातली, आणि प्रत्येकाला सांगितलं, तीन महिने थांबायचं असेल तर घ्या, नाही तर दुसरीकडे जा. निम्मे गेले. जाऊ द्या.

आता वस्तीत नळ आहे. तरी विहिरीला अजून पाणी आहे, आणि नळ गेला की सगळे तिकडेच पळतात. चार नंबरचे टवके पाणी उतरलं की दिसतात. सात नंबरचे दोन तुकडे मी फेकले नाहीत. माझ्या घरासमोर कडुनिंबाखाली ठेवले आहेत, बसायला. येणारा प्रत्येक जण आधी त्यावर बसतो आणि विचारतो, हे काय आहे, आणि मला पुन्हा सगळं सांगावं लागतं. कंटाळा आला नाही अजून.

तर तुम्हीही या. लवकर या, माझं वय काही कमी होऊन नाही राहिलं. संत्र्याच्या दिवसांत आलात तर संत्री देईन. येताना तुमच्या घराच्या सिमेंटची रिकामी गोणी घडी करून आणा, सोबत बसून वाचू. दोन तुकडे आहेत, एक तुमचा, एक माझा. पाणी विहिरीचं पाजीन.